दोन मायक्रॉनचा एक अंक

रॉकवेल यंत्राच्या डायलवर काटा एका अंकाने सरकला, म्हणजे हिऱ्याचं टोक पोलादात दोन मायक्रॉन कमी किंवा जास्त उतरलं. मिलिमीटरचे पाचशे भाग केले तर त्यातला एक. साठ आणि एकसष्ट यांच्यात फरक आहे तो एवढाच. पण एवढ्याशा फरकावरून भोसरी-चाकणच्या कारखान्यांत रोज माल पास होतो, अडतो, परत येतो. त्यावरून डेबिट नोटा फाटतात आणि पुढच्या लॉटसाठी भट्टीचं तापमान बदललं जातं.

मोठा गिअर किंवा जाडजूड शाफ्ट असेल तर हे दोन मायक्रॉन सांभाळणं फारसं अवघड नाही. सपाट जागा मिळते, जॉब ऐरणीवर घट्ट बसतो, चार ठसे घेतले की काम झालं. खरी कसोटी लागते ती बारीक, गोल आणि हीट ट्रीटमेंट झालेल्या जॉबवर. डॉवेल पिन, बेअरिंगमधले नीडल रोलर, डिझेल इंजेक्टरमधली सुई, शिलाई मशीनची सुई ही त्यातली नेहमीची उदाहरणं. यांतला प्रत्येक जॉब कठीण हवा, पण ठिसूळ नको. तो तसा झाला आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांनाही कळत नाही. पूर्वी कारागीर कानस लावून बघत. कानस घसरली तर जॉब कडक, रुतली तर नरम. आजही भट्टीवरचा जाणता माणूस टोपली बाहेर आली की एका पिनेवर कानस फिरवून बघतो. ते बरोबरच आहे, कारण पृष्ठभागावरचा कार्बन जळून नरम साल तयार झाली असेल तर कानस ते लगेच सांगते. मात्र अठ्ठावन्न आणि साठ यांतला फरक तिला सांगता येत नाही.

भोसरी एमआयडीसीतल्या एका हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये, तेलाच्या टाकीपासून जरा लांब, काचेचं पार्टिशन घातलेली छोटी लॅब आहे. ती सांभाळणाऱ्या ताईंचं काम मी बराच वेळ उभा राहून बघत होतो. जॉब होता पाव इंची पिन, म्हणजे साधारण ६.४ मिमी व्यासाची. पोलाद कारखान्याच्या भाषेत एन-३१, म्हणजे एक टक्का कार्बन आणि दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम असलेलं बेअरिंगचं पोलाद. साधारण ८४० अंश सेल्सिअसला तापवून तेलात टाकलेलं, मग दोनशेच्या थोडं वर टेंपरिंग केलेलं. ड्रॉइंगवर लिहिलं होतं : ५८ ते ६२ एचआरसी, म्हणजे रॉकवेलचे अंक. बाकी काहीच नाही.

ताईंनी टोपलीच्या वरून, मधून आणि तळातून पिना उचलल्या. यंत्रावरची सपाट ऐरण काढून व्ही-खाचेची ऐरण बसवली आणि खाच आधी कापडाने, मग स्वच्छ बोटाने पुसली. बोट का, तर राहिलेला कण बोटाला लागतो, कापडाला कळत नाही. पिन खाचेत ठेवली. खालचं चाक फिरवत लहान काटा ठिपक्यावर आणला, म्हणजे सुरुवातीचा दहा किलोचा भार बसला. मग दांडी सोडली. एकूण दीडशे किलोंचा भार हिऱ्याच्या शंकूवर आला. काटा थांबला तशी दांडी मागे घेतली, आणि दहा किलो तसेच ठेवून डायल वाचला. तो आकडा त्यांनी लिहिलाच नाही.

‘‘ऐरण बदलली की पहिलं रीडिंग सोडून द्यायचं दादा. ते जॉबचं नसतं, ऐरण बसण्याचं असतं.’’

दुसरं रीडिंग साडेसत्तावन्न आलं. तिसरं जवळपास तेवढंच. शेजारी उभ्या असलेल्या नव्या मुलाचा चेहरा उतरला, कारण ड्रॉइंगप्रमाणे लॉट नापास होता. ताईंनी भिंतीवर लॅमिनेट करून लावलेल्या तक्त्यावर बोट ठेवलं आणि वहीत लिहिलं : ५७.५, अधिक पावणेदोन, म्हणजे सव्वा एकोणसाठ. लॉट पास.

हे पावणेदोन अंक कुठून आले, हे समजून घेणं म्हणजे हा सगळा विषय समजून घेणं.

रॉकवेल पद्धत ठशाची खोली मोजते. सपाट पृष्ठभागात हिरा उतरतो तेव्हा त्याच्या चहूबाजूंचं पोलाद त्याला अडवतं. गोल पिनेच्या माथ्यावर हिरा टेकला की लांबीच्या दिशेने पोलाद भरपूर असतं, पण दोन्ही कुशींना ते उतरतं होत गेलेलं असतं. गादीच्या मधोमध बसणं आणि कडेला बसणं यांत जो फरक, तोच इथे. आधार कमी पडतो, धातू बाजूला सरकतो आणि हिरा थोडा जास्त उतरतो. डायल म्हणतो, जॉब नरम आहे. जॉब नरम नसतो, गोल असतो.

व्यास जितका लहान आणि पोलाद जितकं नरम, तितकी ही चूक मोठी. अमेरिकन मानकातल्या तक्त्यात ६.४ मिमी व्यासाला साठच्या रीडिंगवर दीड अंक मिळवायला सांगितले आहेत, चाळीसच्या रीडिंगवर साडेतीन, आणि विसाच्या रीडिंगवर तब्बल सहा. १३ मिमी व्यासाला साठवर एक अंक पुरतो. ३८ मिमीच्या पुढे दुरुस्तीची गरज जवळजवळ उरत नाही. हे आकडे म्हणजे अनेक निरीक्षणांची सरासरी अर्ध्या अंकापर्यंत पूर्णांकित केलेली आहे, असं मानकातच स्पष्ट म्हटलं आहे. आंतरराष्ट्रीय मानक आणखी कडक आहे. दुरुस्ती तीन अंकांच्या वर जात असेल तर ते मोजमापच ग्राह्य धरू नये, असं ते सांगतं. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. दुरुस्ती एवढी मोठी लागत असेल, तर प्रश्न चुकीच्या यंत्राला विचारला गेला आहे.

पण तक्ता भिंतीवर लावला की संपलं, असं नाही. तक्ता गृहीत धरतो की हिऱ्याचं टोक बरोबर पिनेच्या माथ्यावर टेकलं आहे. हिऱ्याचा अक्ष पृष्ठभागाला लंब असावा आणि कल दोन अंशांच्या पलीकडे जाऊ नये, अशी अपेक्षा असते. ६ मिमीच्या पिनेवर दोन अंश म्हणजे माथ्यापासून बाजूला अवघा एक दशांश मिलिमीटर. पाव मिलिमीटर सरकलं तर उतार जवळपास पाच अंशांचा होतो. व्ही-खाचेची मध्यरेषा आणि हिऱ्याचा अक्ष एकाखाली एक आणायला यंत्र लावतानाच वेळ द्यावा लागतो, आणि कितीतरी ठिकाणी तो दिलेला नसतो. खाच झिजली, लांब पिनेचं एक टोक ऐरणीबाहेर लोंबकळलं, पिनेच्या कडेला बर राहिली, खाली काजळीचा थर राहिला, तर यातली प्रत्येक गोष्ट रीडिंगमध्ये उतरते. यंत्राची चौकट भाराखाली जी लवचिकपणे ताणली जाते ती सुरुवातीच्या आणि शेवटच्या दहा किलोंमुळे वजा होते, रॉकवेलची खुबी तीच आहे. पण पिनेखालचा कण चिरडला गेला आणि पिन चार मायक्रॉन कायमची खाली बसली, तर ते चार मायक्रॉन पोलादाच्या खात्यावर जमा होतात आणि दोन अंक उणे होतात.

ही पद्धत जन्माला आली तीच हीट ट्रीटमेंट झालेल्या जॉबसाठी. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या ब्रिस्टल गावी न्यू डिपार्चर नावाचा बेअरिंगचा कारखाना होता. तिथे ह्यू रॉकवेल आणि स्टॅन्ली रॉकवेल या दोघांना बेअरिंगच्या कड्यांचा कठीणपणा पटकन तपासायचा होता. स्वीडनच्या योहान ऑगस्ट ब्रिनेल यांची पद्धत १९०० पासून जगाला माहीत होती. १० मिमीचा पोलादी गोळा तीन हजार किलोंनी दाबायचा आणि ठशाचा व्यास सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. ओतकामाला ती उत्तम. पण कडक केलेल्या बेअरिंगच्या कड्यावर गोळाच चपटा होऊ लागतो, ठसा मोठा पडतो आणि वेळही लागतो. व्हिएन्नाचे प्राध्यापक पाउल लुडविक यांनी १९०८ मध्ये शंकू दाबून खोलीतला फरक मोजण्याची कल्पना मांडली होती. रॉकवेलद्वयाने त्या धर्तीवर कारखान्यात चालेल असं यंत्र केलं. १५ जुलै १९१४ ला पेटंटसाठी अर्ज केला, ते मंजूर झालं ११ फेब्रुवारी १९१९ ला. सूक्ष्मदर्शक नाही, गणित नाही, आकडा थेट डायलवर. ही सोय इतकी मोठी होती की पुढे जगभरच्या ड्रॉइंगवर ‘एचआरसी’ ही तीन अक्षरं जणू कठीणपणाचीच खूण होऊन बसली. बारीक पिनेच्या ड्रॉइंगवरही तीच येतात, तिथे ती शोभोत किंवा न शोभोत.

दुसरी पद्धत इंग्लंडमधली. विकर्स कंपनीतल्या रॉबर्ट स्मिथ आणि जॉर्ज सँडलंड यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला चौकोनी पायाचा हिऱ्याचा पिरॅमिड वापरला. समोरासमोरच्या बाजूंमधला कोन १३६ अंशांचा. इथे खोली मोजत नाहीत, ठशाचे दोन कर्ण सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. मोठा फायदा असा की भार कमी-जास्त केला तरी, फार हलके भार सोडले तर, आकडा साधारण तोच राहतो. त्यामुळे जॉब जितका बारीक तितका भार कमी करता येतो. सातशे विकर्सच्या पोलादावर एक किलोचा ठसा पडतो तो सुमारे ५१ मायक्रॉन कर्णाचा आणि सात मायक्रॉन खोल. सातशे विकर्स म्हणजे जवळपास साठ एचआरसीच. रॉकवेलचा ठसा तिथे ८० मायक्रॉन उतरतो.

आणि आता खरी मेख. गोल पृष्ठभागावर विकर्स उलट्या बाजूला चुकतो. पिनेचा पृष्ठभाग दोन्ही बाजूंना उतरता असल्यामुळे पिरॅमिडच्या कडा सपाट जागेवर जिथवर पोचल्या असत्या तिथवर पोचत नाहीत. ठसा लहान दिसतो, आणि लहान ठसा म्हणजे जास्त कठीणपणा. विकर्सच्या मानकात यासाठीही तक्ते आहेत. बाहेरून गोल असलेल्या जॉबसाठी त्यातले गुणक एकापेक्षा कमी आहेत. म्हणजे आलेला आकडा खाली आणायचा.

ताईंच्या पिनेवर हे लावून बघू. खरा कठीणपणा सव्वा एकोणसाठ धरला तर तो सुमारे ६८० विकर्स होतो. त्याच पिनेच्या गोलाव्यावर ३० किलोंनी विकर्स घेतला आणि गुणक विसरला, तर सातशेच्या जवळ आकडा येईल. रूपांतराच्या तक्त्यातून तो साठ एचआरसी होईल. इकडे रॉकवेल दुरुस्तीशिवाय साडेसत्तावन्न. पिन एकच. दोन्ही यंत्रांची कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं चालू तारखेची. दोन्ही लॅबमधली माणसं प्रामाणिक. आणि आकड्यांत अडीच अंकांचं अंतर.

असं अंतर पडलं की काय होतं, ते एका छोट्या कारखान्याच्या मालकांनी मला सांगितलं. त्यांच्या पिना ग्राहकाच्या इन्कमिंग इन्स्पेक्शनमध्ये नरम ठरल्या. तिथे गोल पिनेवर सरळ रॉकवेल घेत आणि काही मिळवत नसत. मालक म्हणाले, ‘‘अहो, आम्ही तक्ता दाखवला. साहेब म्हणाले, ड्रॉइंगवर तक्ता लिहिलाय का?’’ लिहिलेला नव्हता. लॉट परत आला. पुढच्या लॉटला त्यांनी जे केलं ते त्यांच्या जागी असलेला कुणीही करील : दोनशेच्या वर असलेलं टेंपरिंग एकशेऐंशीवर आणलं. डायलवरचा आकडा साठाच्या जवळ गेला, माल पास झाला. खरा कठीणपणा एकसष्टच्या वर पोचला होता. तो कागदावरच्या चौकटीत अजूनही बसतो, पण पिन जास्त ठिसूळ झाली होती. त्या लॉटच्या ग्राइंडिंगमध्ये बारीक तडे निघाले.

मोजण्यातली चूक कागदावरच थांबत नाही, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. ती उलटी भट्टीपर्यंत जाते आणि चांगलं पोलाद बिघडवून येते. आणि भुर्दंड पडतो तो साखळीतल्या सगळ्यात छोट्या माणसावर, ज्याच्याकडे वाद घालायला ना वेळ असतो ना विकर्सचं यंत्र.

कार्बुरायझिंग केलेल्या पिनांचं तर आणखी वेगळं. त्यांत वरचं कवच कडक आणि गाभा चिवट ठेवलेला असतो. ठशाच्या खोलीच्या किमान दहापट जाडी असावी हा सर्वसाधारण नियम. साठ एचआरसीला म्हणजे ०.८ मिमी. कवचच जर ०.३ मिमीचं असेल तर दीडशे किलोंचा भार कवचासकट गाभ्यालाच दाबतो आणि आकडा धड कवचाचा येत नाही, धड गाभ्याचा येत नाही. यासाठी सुपरफिशियल रॉकवेल आहे. १५-एन मोजपट्टीवर सुरुवातीचा भार तीन किलो, एकूण पंधरा, आणि एक अंक म्हणजे एक मायक्रॉन. ठसा दहा मायक्रॉन उतरतो, कवचातच राहतो. पण इथे दुसरी अडचण. एचआरसीवरची ५८ ते ६२ ही चार अंकांची ऐसपैस चौकट १५-एनवर ८९.३ ते ९१.१ एवढी आक्रसते. दोन अंकांपेक्षा कमी जागेत पास-नापास ठरवायचं. बोटाला लागलेलं तेल, टेबलावरचा धक्का, शेजारची प्रेस, सगळं इथे जाणवतं. तिथे हुशारीपेक्षा हाताची शिस्त लागते, आणि ती शिस्त असलेली माणसं आपल्याकडे आहेत, त्यांची दखल मात्र फारशी घेतली जात नाही.

व्यास तीन मिलिमीटरच्या खाली गेला की माझ्या मते गोलाव्यावर ठसा घेण्याचा हट्टच सोडावा. पिन आडवी कापावी, रेझिनमध्ये बसवावी, पॉलिश करावी आणि सपाट छेदावर विकर्स घ्यावा. वेळ जातो, जॉब नष्ट होतो, पण मिळणारा आकडा वादातीत असतो. शिवाय कडेपासून मध्यापर्यंत एकामागून एक ठसे घेतले की साल नरम आहे का, कवच किती खोल आहे, गाभा कसा आहे, हे सगळं एकाच छेदात दिसतं. कवचाची खोली ठरवतात तीही अशीच : कडेपासून आत जाताना कठीणपणा ५५० विकर्सवर उतरतो ती जागा.

या छेदातही फसायला जागा आहेत. कटिंग व्हीलवर पाणी कमी पडलं तर कापतानाच पिन तापते आणि त्या जागी परत टेंपर होते. काळजीपूर्वक बघितलं तर छेदावर निळसर-तपकिरी झाक दिसते. बेकेलाइटमध्ये गरम साच्यात बसवताना दीडशे अंशांच्या आसपास किंवा वर तापमान जातं. जी पिन मुळात कमी तापमानाला टेंपर झाली आहे, तिच्यासाठी थंड पद्धतीचं रेझिनच बरं. दोन ठसे एकमेकांच्या फार जवळ घेतले तर पहिल्याने ताणलेला धातू दुसऱ्याला खोटा आकडा देतो. कडेलगतचा ठसा घेताना पॉलिशमध्ये कड गोल झाली असेल तर पुन्हा तोच गोलाव्याचा प्रश्न, आता सूक्ष्मदर्शकाखाली.

मधल्या व्यासांना एक मधला उपाय आहे, आणि जुने लोक तो सर्रास करतात : पिनेवर छोटीशी सपाटी घासायची. ६ मिमीच्या पिनेवरून चार शतांश मिलिमीटर धातू काढला तर एक मिलिमीटर रुंदीची सपाटी मिळते. पाण्याखाली, हलक्या हाताने, तापू न देता. त्यावर घेतलेलं रीडिंग तक्त्यावर फार अवलंबून राहत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातली इचलकरंजी आपल्याला ठाऊक आहे ती मागांची. पण देशभरच्या कारखान्यांत, कॉलेजांच्या प्रयोगशाळांत जी रॉकवेल, ब्रिनेल आणि विकर्स यंत्रं दिसतात, त्यांतल्या कितीतरींवर इचलकरंजीचा पत्ता असतो. तिथली एफआयई ही कंपनी ही यंत्रं बनवत आली आहे. इतक्या जवळ यंत्रं बनत असताना ती वापरण्याची रीत ड्रॉइंगवर लिहिण्यात आपण एवढे कंजूष का, हे मला खरंच कळत नाही. डॉवेल पिनांचं आंतरराष्ट्रीय मानक बघा. त्यात कठीणपणा एचआरसीत दिलेलाच नाही. तो विकर्समध्ये आहे, भारासकट. म्हणजे ज्यांनी या जॉबचा नीट विचार केला त्यांनी पद्धत आणि भार आकड्याइतकेच महत्त्वाचे मानले.

आपल्या डिझाइन ऑफिसमधल्या मंडळींनी एवढीच एक ओळ जास्त लिहावी : ठसा गोलाव्यावर की छेदावर, कुठल्या मोजपट्टीवर, किती भाराने, आणि दुरुस्ती धरून की न धरता. पर्चेस ऑर्डरला ती ओळ जोडली गेली तर भोसरीतला छोटा कारखानदार ती दाखवून उभा राहू शकतो.

ड्रॉइंग बदलेपर्यंत करता येण्यासारखी एक गोष्ट ताईंनी त्यांच्या लॅबमध्ये सुरू केली आहे. यंत्र तपासायला जे प्रमाणित ठोकळे येतात ते सगळे सपाट असतात. त्यावर यंत्र बरोबर आहे एवढं कळतं, व्ही-खाच बरोबर आहे हे कळत नाही. म्हणून त्या दर आकाराच्या एका चांगल्या लॉटमधून मूठभर पिना बाजूला काढतात. त्यांतल्या काही छेद करून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत विकर्सवर मोजून घेतात, आणि उरलेल्या डबीत आकडा लिहून ठेवतात. रोज सकाळी पहिला जॉब लावायच्या आधी त्यातल्या एका पिनेवर ठसा घेतात. तक्त्याची दुरुस्ती धरून आकडा डबीवरच्या आकड्याशी जुळला नाही, तर आधी खाच तपासतात, मग हिऱ्याचं टोक भिंगाखाली बघतात, आणि तोवर भट्टीवरच्या कुणालाही तापमानाला हात लावू देत नाहीत. ग्राहकाचा माणूस आला की तीच डबी त्याच्यापुढे ठेवतात आणि त्याच्या यंत्रावर लावून बघायला त्यातल्या दोन पिना सोबत देतात.